दहापैकी किती?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आमच्या आधी संतवाङ्मयावर आणि मराठ्यांच्या आरमारावर दोन अभ्यासपूर्ण भाषणे झाली. त्यांच्या पंक्तीस बसण्याची आमची योग्यता नाही. कलाशाखेची एक साधी पदवी आणि केंद्र सरकारच्या लेखा खात्यातील तीस वर्षांची नोकरी एवढीच आमची शिदोरी. चिटणीसांनी आम्हांला व्यासपीठावर उभे केले याचे कारण एक पत्र्याची ट्रंक आहे. सुवर्णमहोत्सवी प्रदर्शनासाठी मंडळाचे जुने कागद चाळताना ती निघाली. तीत मंडळाच्या चित्रपट-रविवारांच्या पिवळ्या चिठ्ठ्या होत्या, दोऱ्याने बांधलेल्या, वर्षवार. 'तुम्ही हिशेब तपासणारे, तेव्हा याही तपासा,' असे म्हणून ती आमच्या घरी आणून ठेवण्यात आली. त्या तपासणीचा अहवाल सादर करणे हेच आमचे आजचे काम.

महिन्याच्या तिसऱ्या रविवारी चित्रपट दाखवण्याची आपली प्रथा मंडळाइतकीच जुनी आहे. आम्ही या शहरात प्रथम २०१३ साली बदलून आलो, तेव्हा पूर्वीचा काळ आम्ही ऐकूनच जाणतो. बंदर, गोदी, नौदल आणि रेल्वे येथील मंडळी वर्गणी काढीत. सोळा मिलिमीटरच्या फिती भाड्याने मागवीत. पत्र्याचे डबे रेल्वेने येत आणि ते उतरवून घ्यायला कोणीतरी पहाटे स्टेशनवर जाई. एकदा म्हणे तिसरी फीत दुसऱ्या फितीच्या आधी लागली. नायिकेचे लग्न आधी झाले आणि तिला पाहायला पाहुणे नंतर आले. चित्रपट संपल्यावर दिग्दर्शकाच्या या धाडसी प्रयोगावर पाऊण तास चर्चा झाली आणि सरासरी साडेसात गुण पडले. तो चित्रपट कोणता, याविषयी मात्र जुन्या सभासदांत अद्याप एकमत नाही. पुढे व्हिडिओ कॅसेट आली, मग तबकडी आली, आणि आता तर खिशातल्या फोनवर चित्रपट येतो. तरीही तिसऱ्या रविवारी माणसे सभागृहात जमतात. घरी पाहिलेल्या चित्रपटावर भांडायला समोर कोणी नसते, हे त्याचे कारण असावे.

चिठ्ठीवर दोनच रकाने असत. एक 'दहापैकी गुण' आणि दुसरा 'कारण'. नाव लिहायचे नाही. पडदा उजळला की चिठ्ठ्या गोळा करायच्या, कोषाध्यक्षांनी सरासरी काढायची, ती जाहीर करायची आणि मग वादाला तोंड फोडायचे.

कलाकृतीला आकडा देण्याची ही कल्पना कोणा मराठी माणसाच्या डोक्यातून निघालेली नाही. न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज' या वृत्तपत्राने १९२८ साली चित्रपटांपुढे चांदण्या छापायला सुरुवात केली. वाचकाला परीक्षण वाचायला सवड नसेल तर त्याने चांदण्या मोजाव्यात आणि तिकीट काढावे किंवा काढू नये, असा हा व्यवहार. आपल्याकडील वृत्तपत्रांनी तो उचलला. आम्हां सरकारी नोकरांना तर आकड्याचे अप्रूप राहिलेलेच नाही. पूर्वी वरिष्ठ आमच्याविषयी गोपनीय अहवाल लिहीत. त्यात 'उत्तम', 'अतिउत्तम' अशी विशेषणे असत आणि ती आम्हांला सहसा कळत नसत. २००९ साली नवी व्यवस्था आली. आता वर्षाच्या शेवटी आम्हांलाही दहापैकी गुण मिळतात, ते आम्हांला दाखवले जातात आणि मान्य नसतील तर त्यांविरुद्ध लेखी म्हणणे मांडण्याचा अधिकारही असतो. चित्रपटाला तो अधिकार नाही. या नियमांत आणखी एक कलम आहे. गुण चारांच्या खाली गेले, तर पदोन्नतीचा हिशेब करताना तो आकडा शून्य धरला जातो. हे कलम कृपया लक्षात असू द्यावे, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आकडा नसतानाही माणसे चित्रपटांवर कशी तुटून पडतात, हे आम्ही कलकत्त्यास पाहिले. १९९४ साली आमची पहिली नेमणूक तेथे झाली. सत्यजित राय यांचे निधन होऊन दोन वर्षे झाली होती. रायांनी आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ साली तेथे फिल्म सोसायटी काढलेली, त्यामुळे त्या शहरात चित्रपटावर बोलणे ही दोन पिढ्यांची सवय होती. आमच्या कचेरीतील बंगाली सहकारी जेवणाच्या सुटीत राय श्रेष्ठ की ऋत्विक घटक यावर डबे थंड होईपर्यंत वाद घालीत. मृणाल सेन यांचा पक्ष घेणारा एकच कारकून होता, पण तो एकटा दोघांना भारी पडे. त्यांनी कोणालाही कधी गुण दिलेले आम्ही ऐकले नाही. एक गोष्ट मात्र आम्ही तेथे पाहिली, ती पुढे फार थोड्या ठिकाणी दिसली. काल तावातावाने बोललेला माणूस आज सकाळी येऊन सांगे, 'रात्री विचार केला, तुमचे म्हणणे बरोबर आहे.' मत असे बदलता येते. एकदा सात म्हटल्यावर मात्र माणूस त्या सातांचा वकील होऊन बसतो.

महाराष्ट्रातही ही परंपरा नाही असे नव्हे. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली आणि चित्रपट संग्रहालय १९६४ साली आले. तेथील प्राध्यापक सतीश बहादूर यांनी चित्रपट कसा पाहावा हे कितीएक पिढ्यांना शिकवले. पण हे भाग्य पुण्या-मुंबईचे. आमच्यासारख्या कऱ्हाडच्या मुलांचे शिक्षण रविवारी दुपारी दूरदर्शनवर झाले. १९८०च्या दशकात त्या वेळी राष्ट्रीय वाहिनीवर वेगवेगळ्या प्रादेशिक भाषांतील चित्रपट लागत. जेवणानंतर वडील आडवे होत आणि आम्ही मल्याळी किंवा कन्नड चित्रपट खालच्या इंग्रजी ओळींच्या आधाराने पाहत बसू. संध्याकाळी कट्ट्यावर मित्र विचारीत, 'कसा होता?' आणि आम्ही ठामपणे सांगत असू, 'संथ होता.' तेवढाच एक शब्द आम्हांला येत होता.

आपल्या तेलुगू शेजाऱ्यांकडे पाहा. चित्रपटावर त्यांच्याइतके जीव टाकणारे लोक आम्ही अन्यत्र पाहिलेले नाहीत. आवडत्या नटाचा चित्रपट लागला की उंचच उंच कटआउट उभे राहतात, त्यांवर दुधाचा अभिषेक होतो. दुसऱ्या दिवशी कचेरीत एकच प्रश्न : 'एला उंदि?' म्हणजे कसा आहे? उत्तरे तीन. 'बागुंदि', 'फर्वालेदु' आणि 'बालेदु'. छान आहे, चालेल, छान नाही. या तीन पायऱ्यांच्या जिन्यात सारे काही बसते. त्यातही 'फर्वालेदु'मधला 'फर्वा' म्हणजे आपल्या 'पर्वा नाही' मधलीच पर्वा, फारसीतून त्यांच्याकडेही गेलेली आणि आपल्याकडेही आलेली. मराठी माणसाची उत्तरे याहून सावध. 'बरा आहे', 'ठीक आहे', आणि अगदी भारावून गेला तर 'एकदा पाहायला हरकत नाही'!

आता ट्रंकेकडे वळतो.

सर्व चिठ्ठ्या तपासल्यावर आमच्या नजरेस प्रथम आले ते असे की, पडद्यावर पाऊस पडला की गुण वाढतात. कोकणातला पाऊस असेल तर दोन, घाटावरचा असेल तर एक. वाड्याचा चौक, तुळशीवृंदावन, माजघरातला झोपाळा आणि एस.टी.ची लाल गाडी यांनाही असेच वाढीव गुण आहेत. एका चिठ्ठीत नऊ गुण देऊन कारणाच्या रकान्यात लिहिले आहे, 'आमच्या गावचा थांबा अगदी असाच आहे.' चित्रपट कसा होता याविषयी एक अक्षर नाही. आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला तर दहाखाली कोणी उतरतच नाही. दोघांनी अकरा दिले आहेत. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक १९५४ साली याच चित्रपटाला मिळाले. त्यानंतर मराठी चित्रपटाला तो सर्वोच्च मान मिळायला पन्नास वर्षे जावी लागली आणि २००४ साली संदीप सावंत यांच्या 'श्वास'ने तो आणला. त्या 'श्वास'च्या चिठ्ठ्याही ट्रंकेत आहेत. एकाने आठ गुण देऊन लिहिले आहे, 'आजोबा आमच्या अण्णांसारखे दिसतात. दोन गुण कापले, कारण अण्णा आता नाहीत.' तपासनीस म्हणून या नोंदीवर कोणता आक्षेप घ्यावा हे आम्हांला सुचले नाही.

घरापासून बाराशे-पंधराशे किलोमीटरवर बसून आपण चित्रपट पाहतो तेव्हा गुण कशाला देतो, हे या चिठ्ठ्या सांगतात. ते चित्रपटाला असतात त्याहून अधिक गावाला असतात. यात लाजण्यासारखे काही नाही. पण गुण चित्रपटाला दिले आहेत असे आपण समजतो आणि त्यावर भांडतो, तेथे घोटाळा होतो.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली आला. आपल्याकडे तो दाखवला त्या रविवारी उभे राहायला जागा नव्हती. त्या दिवशी आमच्या कचेरीतील एक तेलुगू सहकारी आमच्या आग्रहावरून आले होते. पहिल्या भागात विहीर, उसाचे फड, बुलेट, गाणी, सारे सभागृह नाचत होते. मध्यंतरानंतर आर्ची आणि परशा पळून हैदराबादला येतात, आणि चित्रपटाची चाल मंदावते. झोपडीत राहणे, बाटल्या भरण्याच्या कारखान्यातली तिची नोकरी, कानावर पडणारी तेलुगू, डोशाची गाडी चालवणाऱ्या मराठी बाईचा आधार. चर्चेत बहुतेक पुरुष सभासदांनी एकमुखाने सांगितले की, दुसरा भाग लांबला, अर्ध्या तासाची काटछाट हवी होती. चिठ्ठ्यांवरही तेच. तेव्हा मागच्या रांगेतून एक काकू उठल्या. त्यांना या शहरात तेव्हा तीस वर्षे झाली होती. त्या म्हणाल्या, 'मी दहा दिलेत ते दुसऱ्या भागाला. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिले सहा महिने मला भाजी घेता येत नव्हती. बोट दाखवायचे आणि हातावरचे पैसे पुढे करायचे, त्यातले हवे तेवढे भाजीवालीने घ्यायचे. हे सगळे सकाळी कामावर जात. यांना दुसरा भाग लांबलेला वाटणारच.'

सभागृहात हशा पिकला, पण तो लवकर थांबला. आमच्या त्या तेलुगू सहकाऱ्यांना आम्ही काकूंचे बोलणे समजावून सांगितले. ते म्हणाले, 'त्या मुलीची तेलुगू जशी हळूहळू सुधारत जाते, ते तुमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले का?' आमच्या तर आले नव्हते. त्या दिवशी आम्ही दुसऱ्यांदा मत बदलले, आणि आपला सातांचा आकडा पुसायला चिठ्ठी मागितली. नियमात बसत नाही म्हणून कोषाध्यक्षांनी ती दिली नाही. त्यांचे बरोबरच होते.

दुसरे प्रकरण अलीकडचे. २०१७ साली आमची येथून बदली झाली आणि २०२२ साली आम्ही पुन्हा येथे आलो. केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' २०२३च्या जूनअखेर प्रदर्शित झाला आणि महाराष्ट्रात बायका घोळक्या-घोळक्याने नटूनथटून चित्रपटगृहांत गेल्या. आपल्याकडे तो पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून दाखवला. त्या दिवशीच्या चिठ्ठ्या वेगळ्या कराव्या लागत नाहीत. चार, पाच, चार, साडेचार हा एक गठ्ठा. नऊ, दहा, दहा, नऊ हा दुसरा. नावे नसली तरी कोणता गठ्ठा कोणाचा हे सांगायला लेखापरीक्षकाची गरज नाही. पहिल्या गठ्ठ्यातली कारणे : कथा बाळबोध, योगायोग फार, शेवट पहिल्यापासून ठाऊक. दुसऱ्या गठ्ठ्यातली एकच वाचून दाखवतो. 'सहा बहिणी एका घरात भांडताना पाहिल्या. मी आणि माझी बहीण शेवटच्या एका छताखाली कधी झोपलो ते आठवत नाही.'

आम्ही स्वतः त्या चित्रपटाला सहा दिले होते आणि आजही सहाच देऊ. पटकथा सैल आहे, हे वहिनीसाहेबांसमोरही आम्ही सांगितले आणि त्याचे परिणाम दोन दिवस घरी भोगले. पण त्या दोन गठ्ठ्यांची बेरीज करून सरासरी 'सहा पूर्णांक नऊ' अशी जाहीर झाली, तेव्हा तो आकडा सभागृहातल्या एकाही माणसाचे मत नव्हता.

आणि आता ज्या चिठ्ठीमुळे आम्ही हे भाषण करावयाचे मान्य केले, तिच्याकडे येतो.

नागराज मंजुळे यांचाच पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट 'फँड्री' फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी पहिल्या दिग्दर्शनासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, आणि जब्याचे काम करणाऱ्या सोमनाथ अवघडे याला बालकलाकाराचा. फँड्री हा कैकाडी भाषेतला शब्द आहे, त्याचा अर्थ डुक्कर. गावकुसाबाहेरच्या कुटुंबातला जब्या शाळेतल्या एका सवर्ण मुलीवर जीव लावून असतो, आणि गावातली डुकरे पकडण्याचे काम त्याच्या घराच्या वाट्याला येते. शेवटी सारे गाव आणि शाळेची मुले मजा पाहत असताना त्याला बापाबरोबर डुकरामागे धावावे लागते. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, तो जागच्या जागी उभा राहतो, घरचेही थबकतात, आणि डुक्कर निसटते. मग ते पकडून बांबूला बांधून नेताना मागे भिंतीवर डॉ. आंबेडकर आणि इतर थोर पुरुषांची चित्रे दिसतात. अखेरीस जब्या दगड भिरकावतो तो थेट पडद्याबाहेर, आपल्या दिशेने.

आपल्याकडे तो २०१५ साली दाखवला. त्या वर्षी चित्रपट समितीचे निमंत्रक आम्ही होतो. चर्चेचे अध्यक्षही आम्हीच. एक सभासद म्हणाले, 'असे आता कुठे राहिले आहे?' आम्ही मान डोलावली. दुसरे म्हणाले, 'इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना महाराष्ट्राची चांगली बाजू दिसायला हवी. हे पाहून ती काय समजतील?' यालाही आम्ही मान डोलावली, इतकेच नव्हे तर समारोपात ते वाक्य आमचे म्हणून पुन्हा सांगितले. सरासरी आली पाच पूर्णांक आठ. पाऊस नसलेल्या चित्रपटाला हे फार वाईट गुण नव्हेत, असा विनोदही आम्ही केल्याचे आठवते. मग चहा झाला.

ट्रंकेत त्या दिवसाच्या सत्तावीस चिठ्ठ्या आहेत. त्यातली एक आमची. अक्षर आमचे, ते कसे नाकारणार? गुण पाच, कारण : 'चित्रण एकांगी. प्रमाण सुटले आहे.' आज ती वाचताना असे वाटते की, दिग्दर्शकाने दगड नेमका कोणाला मारला होता, ते आम्हांला तेव्हा कळले नव्हते.

पण सांगायची ती चिठ्ठी दुसरीच. तीत गुणांचा रकाना कोरा आहे. कारणाच्या रकान्यात दोन शब्द आहेत, 'पाहवला नाही.' कोपऱ्यात तांबड्या शाईने कोषाध्यक्षांनी शून्य लिहिले आहे. यात त्यांचा काहीच दोष नाही. कोरी चिठ्ठी शून्य धरावी, असा नियम त्या वर्षी समितीने केला होता आणि तो सुचवला होता आम्ही. कचेरीतले ते चारांखालचे कलम आमच्या डोक्यात होते आणि नियम म्हणजे नियम असे आम्हांला वाटत असे. आम्ही बेरीज पुन्हा करून पाहिली. सव्वीस चिठ्ठ्यांचे गुण एकशे छप्पन्न. ती कोरी चिठ्ठी वगळली तर सरासरी बरोबर सहा येते.

अक्षर उभे आणि टोकदार, रेल्वेच्या नोंदवहीत असते तसे. ते आम्ही कोठेतरी पाहिले होते. गणपतीच्या वर्गणीच्या पावत्यांची जुनी बुके काढली आणि ते सापडले. रेल्वेच्या सिग्नल विभागातले एक सभासद पाच वर्षे आपल्याकडे पावत्या फाडीत असत. अबोल माणूस. त्या रविवारनंतर ते चित्रपटांना आले नाहीत. गणपतीला मात्र येत राहिले, पावत्या फाडीत राहिले. हे आमच्या तेव्हा ध्यानातही आले नव्हते. ते आता निवृत्त होऊन दौंडला असतात, असे कळले. क्रमांक मिळवून आम्ही दूरध्वनी केला. त्यांचे बोलणे त्यांच्या संमतीने येथे सांगतो, नाव मात्र सांगू नये अशी त्यांची इच्छा आहे.

चिठ्ठीची आठवण करून देताच ते थोडे हसले. म्हणाले, 'साहेब, एवढ्या वर्षांनी तपासणी?' मग म्हणाले, 'त्या दिवशी पोराला मुद्दाम घरी ठेवून आलो होतो. सिनेमा काय आहे ते भावाने गावाहून सांगितले होते. तुमची मुले चांगली होती, तसे काही नाही. पण पोरे ती पोरे. सिनेमातला शब्द उद्या मैदानात आला तर, असे मनात होते.'

आम्ही विचारले, 'आला का?'

'आला ना. दुसऱ्याच दिवशी. त्याला कोणी म्हणाले नाही, आपापसांतच खेळताना एकमेकांना म्हणत होती. हा घरी आला आणि मला विचारतो, बाबा, फँड्री म्हणजे काय? मी सांगितले, डुक्कर, कैकाडी शब्द आहे. तर म्हणतो, तुम्हाला कसे ठाऊक?'

यापुढे ते काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारले नाही. काही वेळाने त्यांनी विचारले, 'तुम्ही किती दिले होते, साहेब?' आम्ही म्हणालो, 'पाच.' ते 'बरं' म्हणाले. मग समुद्रावरचा वारा अजून तसाच आहे का, गणपतीची आरास या वर्षी कोणी केली, अशी चौकशी केली. मुलगा आता पुण्यात नोकरीस आहे, त्याने तो चित्रपट कॉलेजात असताना स्वतःच पाहिला, असेही सांगितले. त्याने किती गुण दिले, हे विचारण्याचे धाडस आम्हांला झाले नाही.

कार्यकारिणीने आमच्या विनंतीवरून दोन गोष्टी मान्य केल्या आहेत. चिठ्ठीवरचा गुणांचा रकाना राहील, कारण मुलांना तो आवडतो आणि तो काढला तर निम्मे सभासद चिठ्ठीच भरणार नाहीत. सरासरी मात्र काढली जाणार नाही, कारणे वाचून दाखवली जातील, आणि कोरी चिठ्ठी कोरीच ठेवली जाईल. दुसरी गोष्ट, येत्या तिसऱ्या रविवारी 'फँड्री' पुन्हा दाखवायचा आहे. मुलांना आणावे. वेळ सायंकाळी साडेपाच. यंदा चहा चर्चेनंतर न ठेवता मध्यंतरात ठेवला आहे, म्हणजे चहाच्या निमित्ताने चर्चा आटोपती घेण्याची सोय अध्यक्षांना राहणार नाही. ट्रंक बाहेर प्रदर्शनात मांडली आहे. चिठ्ठ्या हाताळायला हरकत नाही, फक्त दोरा सोडल्यास पुन्हा त्याच वर्षाच्या गठ्ठ्याला बांधावा.